हलक्या लिनक्सवर आवाज येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात, लष्कर आणि मुरारमधल्या बऱ्याच मराठी घरांत, जुना संगणक आता गाणं शिकणाऱ्या मुलांच्या हाती आला आहे. 2 जीबी रॅमच्या यंत्राला विंडोज झेपत नाही, म्हणून आम्ही त्यावर लुबुंटू, एमएक्स, अँटिएक्स किंवा पपी यांतलं एखादं हलकं लिनक्स टाकून देतो. यंत्र पळायला लागतं आणि मग फोन येतो, “सगळं छान चाललंय, पण आवाज येत नाहीये.” तानपुरा लावायचा, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची, ऑनलाइन तालीम घ्यायची, एवढ्यासाठीच तर तो संगणक मांडलेला असतो. म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत.

आवाज नाही म्हणजे ड्रायव्हर गेला का? सिस्टीम पुन्हा टाकू का?

नका टाकू. विंडोजमध्ये साउंडचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागायचा, त्यामुळे आवाज गेला की मनात पहिल्यांदा ड्रायव्हरच येतो. लिनक्समध्ये बहुतेक साउंड कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतात. अल्सा नावाची ही व्यवस्था डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 कर्नलपासून लिनक्सची मुख्य आवाज-व्यवस्था आहे. दहा-बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपचं किंवा लॅपटॉपचं कार्ड तिला ओळखता येत नाही, असं क्वचितच घडतं.

आवाजाची वाट तीन टप्प्यांची आहे. तळाला अल्सा, म्हणजे कर्नल आणि कार्ड. त्याच्या वर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर. अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून ते कार्डाकडे धाडतात. सगळ्यात वर तुमचा प्रोग्राम, म्हणजे व्हीएलसी, फायरफॉक्स वगैरे. आवाज यांपैकी कुठल्यातरी एका टप्प्यावर अडलेला असतो. तो टप्पा सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा एखाद-दोन मिनिटांची असते. सिस्टीम पुन्हा टाकलीत तर मूळच्याच सेटिंग परत येतात, आणि जे चॅनेल तेव्हा बंद होतं ते आताही बंदच राहतं. दिवस फुकट जातो तो वेगळाच.

मग सुरुवात कुठून करू?

संगणकाला हात लावण्याआधी स्पीकरची पिन मोबाइलला लावून बघा. तिथेही वाजला नाही तर दोष स्पीकरचा किंवा वायरीचा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला तीन रंगांची छिद्रं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. टेबल पुसताना कुणीतरी पिन काढून गुलाबीत लावलेली असते, हे फार घरांत बघितलं आहे. लॅपटॉपवर कीबोर्डातलं म्यूटचं बटण बघा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात धूळ पुष्कळ उडते आणि जॅकमध्ये बसते, म्हणून पिन चार-पाचदा आत-बाहेर करून बघायलाही हरकत नाही.

कमांड टाइप करायला जमत नाही. काय करू?

फोनवर सांगतो तसंच इथेही लिहिलं आहे: आधी उच्चार, मग एकेक इंग्रजी अक्षर. सगळी अक्षरं लहान लिपीत टाइप करायची. “स्पेस” म्हटलं असेल तिथेच मोकळी जागा सोडायची, “डॅश” म्हटलं तिथे आडवी रेघ. शेवटी एंटर. कमांडच्या आधी “सुडो” (एस यू डी ओ, मग स्पेस) असेल तर पासवर्ड विचारला जाईल. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजून थांबू नका, टाइप करून एंटर दाबा.

संगणकाला साउंड कार्ड दिसतंय की नाही, हे कसं कळेल?

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि एप्लेची कमांड द्या: ए पी एल ए वाय, स्पेस, डॅश, एल. कार्डांची यादी येते. इंटेलच्या यंत्रावर साधारणपणे “कार्ड 0” किंवा “कार्ड 1” अशी सुरुवात होऊन पुढे “पीसीएच” आणि “एएलसी”ने सुरू होणारा एखादा क्रमांक दिसतो. एएलसी म्हणजे रिअलटेकची चिप, आणि जुन्या यंत्रांत बहुधा हीच असते. ही ओळ दिसली तर निश्चिंत व्हा, ड्रायव्हर जागेवर आहे आणि पुढचं सगळं सेटिंगचं काम आहे.

“नो साउंडकार्ड्स फाउंड” असं आलं, तर संगणक बंद करून चालू करा आणि सुरुवातीलाच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये जा. ऑनबोर्ड ऑडिओ किंवा एचडी ऑडिओ नावाचा पर्याय असतो, तो “डिसेबल्ड” असेल तर “एनेबल्ड” करा. बायोसची बॅटरी संपलेल्या जुन्या मदरबोर्डांवर हे पर्याय आपोआप बदललेले सापडतात. पर्याय चालू असूनही कार्ड दिसत नसेल तर खालचं “डमी आउटपुट”चं उत्तर वाचा.

कार्ड दिसतंय, व्हॉल्यूम पूर्ण आहे, तरी आवाज नाही. का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, आणि निम्म्याहून अधिक घरांत उत्तर इथेच मिळतं, म्हणून हे सावकाश वाचा.

खालच्या पट्टीतला व्हॉल्यूमचा दांडा एकच असतो, पण कार्डात आवाजाचे अनेक दरवाजे असतात: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम, फ्रंट. यातला तुमच्या आवाजाच्या वाटेतला एखादा बंद असला तर पट्टीतला दांडा कितीही वर न्या, आवाज बाहेर पडत नाही. हे दरवाजे बघायला अल्सामिक्सर उघडायचा: ए एल एस ए एम आय एक्स ई आर.

काळ्या पडद्यावर उभे खांब दिसतील. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी एक छोटी चौकट असते. तिच्यात “ओओ” असेल तर दरवाजा उघडा, “एमएम” असेल तर बंद. डाव्या-उजव्या बाणांनी खांबाखांबावर जा. जिथे एमएम दिसेल तिथे एम दाबा, ओओ होईल. मग वरच्या बाणाने खांब ऐंशीच्या आसपास न्या. मास्टर उघडा आणि स्पीकर बंद, किंवा स्पीकर उघडा पण शून्यावर, असं वारंवार सापडतं. काही खांबांना चौकटच नसते, पीसीएमला तर बऱ्याचदा नसते. तिथे फक्त उंची बघायची.

कधी पडद्यावर मास्टर नावाचा एकच खांब दिसतो आणि वर कार्डाच्या जागी “पल्सऑडिओ” किंवा “पाइपवायर” लिहिलेलं असतं. हा वरच्या टप्प्याचा खांब आहे, खऱ्या कार्डाचा नव्हे. एफ6 दाबा, कार्डांची यादी येईल, तिच्यातून इंटेल किंवा तुमचं जे कार्ड असेल ते निवडा. आता खरे दरवाजे दिसतील. ही एफ6 ची पायरी गाळून लोक म्हणतात, “अल्सामिक्सर बघितलं, सगळं ठीक आहे.”

काम झालं की एस्केप दाबून बाहेर या आणि चाचणी घ्या. स्पीकर-टेस्ट: एस पी ई ए के ई आर, डॅश, टी ई एस टी, स्पेस, डॅश, टी, स्पेस, डब्ल्यू ए व्ही, स्पेस, डॅश, सी, स्पेस, 2. एक इंग्रजी आवाज आधी “फ्रंट लेफ्ट” आणि मग “फ्रंट राइट” म्हणतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

लाइट गेली की आवाज पुन्हा बंद होतो. दरवेळी अल्सामिक्सर उघडायचं का?

नाही. संगणक रीतसर बंद होताना लिनक्स त्या क्षणाच्या खांबांची स्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची लाइट गेली की लिहायची ती वेळच येत नाही. मग यंत्र जुनीच स्थिती उचलतं, तीच ती मुकी. उन्हाळ्यात लाइट जा-ये करते तेव्हा ही तक्रार वाढते, आणि घरच्यांना वाटतं झटक्याने कार्ड जळलं.

उपाय असा. अल्सामिक्सरमध्ये सगळं नीट लावा, आवाज येतोय याची खात्री करा आणि लगेच हाताने जतन करा: सुडो, मग ए एल एस ए सी टी एल, स्पेस, एस टी ओ आर ई. ही कमांड काही बोलत नाही, गुपचूप संपते; गुपचूप संपली म्हणजे काम झालं. यापुढे लाइट कितीही वेळा गेली तरी यंत्र या स्थितीवर परत येईल.

टीव्ही किंवा नवा मॉनिटर लावल्यापासून लॅपटॉपचा आवाज गेला. आता?

आवाज एचडीएमआयच्या वायरीतून मॉनिटरकडे चालला आहे, आणि त्या मॉनिटरला बहुधा स्पीकरच नाहीत. काही यंत्रांवर तर एचडीएमआयची वायर न लावताही असं होतं. 2013 च्या सुमारास आलेल्या चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपांत एचडीएमआयचं ऑडिओ कंट्रोलर वेगळं असतं आणि ते “कार्ड 0” होऊन बसतं. खरं कार्ड 1 ठरतं. साध्या अल्सावर चालणारी सिस्टीम न विचारता कार्ड 0 कडे आवाज पाठवते.

लुबुंटू, झुबुंटू, एमएक्स यांवर हे सोपं आहे. पावूकंट्रोल उघडा (पी ए व्ही यू सी ओ एन टी आर ओ एल; लुबुंटूत तो मेनूतच असतो, आवाजाच्या चिन्हावर उजवी टिचकी मारूनही मिळतो). “कॉन्फिगरेशन” या शेवटच्या टॅबमध्ये प्रत्येक कार्डापुढे प्रोफाइल दिसतं. एचडीएमआयच्या कार्डाला “ऑफ” करा, दुसऱ्याला “अ‍ॅनालॉग स्टिरिओ”. गाणं चालू ठेवून हे करा, म्हणजे आवाज आल्याबरोबर कळेल. टीव्हीवर आवाज हवा असेल त्या दिवशी याचं उलट.

अँटिएक्समध्ये कंट्रोल सेंटरात साउंड कार्ड निवडायचं साधन आहे, पपीमध्येही तसा विझार्ड आहे. दोन्ही ठिकाणी यादीतून बरोबर कार्ड निवडलं की झालं. ज्या सिस्टीमवर असं काहीच नसेल तिथे आपल्या होम फोल्डरमध्ये असाउंडआरसी नावाची लपलेली फाइल करायची: आधी डॉट, मग ए एस ओ यू एन डी आर सी. तिच्यात दोन ओळी. पहिली, डिफॉल्ट्स डॉट पीसीएम डॉट कार्ड, स्पेस, 1. दुसरी, डिफॉल्ट्स डॉट सीटीएल डॉट कार्ड, स्पेस, 1. “डिफॉल्ट्स” अनेकवचनी लिहायचं, शेवटचा एस सोडायचा नाही. आकडा मात्र एप्लेच्या यादीत तुमच्या कार्डाला जो दिसला तोच घ्या.

तबला-पेटी ऐकू येते, पण गाणाऱ्याचा आवाजच नाही. आणि काही जुनी मुद्रणं तर अजिबात वाजत नाहीत. फाइल खराब आहे का?

फाइल चांगली आहे, लिनक्सही चांगलं आहे. दोष पिनेत आहे, आणि गाणं शिकणाऱ्या घरांत हा सगळ्यात फसवा दोष आहे.

इअरफोनच्या डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळ्या तारा जातात, पण परतीची तार दोघांची एकच असते. ती तुटली किंवा जॅकमध्ये टेकली नाही, तर दोन्ही कानांना फक्त डाव्या-उजव्या वाहिनीतला फरक ऐकू येतो. आजच्या स्टिरिओ मुद्रणात गायकाचा आवाज मधोमध ठेवतात, म्हणजे तो दोन्ही वाहिन्यांत सारखाच असतो. सारख्यातून सारखं वजा झालं की उरतं शून्य. बाजूला ठेवलेली पेटी, तबला, सभागृहाची गुंज तेवढी उरते. आणि 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली ग्वाल्हेर घराण्याची मुद्रणं तर मोनो. त्यांच्यात दोन्ही वाहिन्या हुबेहूब एकच, म्हणून सगळंच नाहीसं होतं. ख्याल सुरू आहे, पट्टी पुढे सरकते आहे, आणि कानात जवळजवळ शांतता.

मोबाइलबरोबर मिळालेला माइकवाला इअरफोन जुन्या डेस्कटॉपच्या जॅकला लावला की हे हमखास होतं. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार पट्ट्या असतात. जुना जॅक तीन पट्ट्यांच्या पिनेसाठी बनवलेला. जिथे परतीची तार टेकायची तिथे माइकची पट्टी टेकते.

ओळखायच्या दोन खुणा आहेत. इअरफोनच्या वायरीवरचं बटण दाबून धरा. गायकाचा आवाज एकदम परत आला तर निदान पक्कं, कारण ते बटण माइकची तार परतीच्या तारेला जोडतं. दुसरी खूण वरची स्पीकर-टेस्ट. “फ्रंट लेफ्ट” दोन्ही कानांत ऐकू आलं तर परतीची तार लागत नाहीये.

पिन किंचित बाहेर ओढल्यावरही आवाज नीट होतो, पण तो धक्का लागेपर्यंतच. साधा तीन पट्ट्यांचा हेडफोन घ्या, किंवा चार पट्ट्यांची पिन माइक आणि हेडफोन अशा दोन पिनांत वाटणारी छोटी वायर घ्या. पिनेत जोड तुटला असेल तर कापून नवी पिन सोल्डर करता येते. हेडफोन चांगला असेल तर हे करून घ्या, फेकू नका.

हेडफोन लावला की वाजतं, स्पीकरवर नाही.

अल्सामिक्सरमध्ये उजवीकडे जात राहा, “ऑटो-म्यूट मोड” नावाचा खांब लागेल. हेडफोन घुसवला की स्पीकर आपोआप बंद करायचं काम त्याचं. जॅकची आतली पट्टी वाकली किंवा धुळीने अडकली तर हेडफोन काढल्यावरही तो लावलेलाच आहे असं यंत्राला वाटत राहतं. त्या खांबावर वरचा-खालचा बाण दाबून “डिसेबल्ड” करा आणि जतनाची कमांड द्या.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढे जॅक असतो आणि तिथे मुळीच आवाज येत नाही, असं असेल तर बायोसमध्ये फ्रंट पॅनेलचा प्रकार बघा. एचडी ऑडिओ आणि एसी97 असे दोन पर्याय असतात. कॅबिनेट जुन्या पद्धतीचं आणि बायोस नव्या पद्धतीवर, असा बेमेळ झाला की पुढचा जॅक बेभरवशाचा होतो. पर्याय बदलून बघा. जमलं नाही तर मागचा हिरवा जॅक आहेच.

व्हीएलसी वाजतो पण फायरफॉक्समध्ये आवाज नाही. कसं काय?

तुमच्या सिस्टीमवर पल्सऑडिओही नाही आणि पाइपवायरही नाही, नुसतं अल्सा आहे. जागा आणि रॅम वाचवायला काही हलक्या सिस्टीम मधला टप्पा ठेवतच नाहीत. मार्च 2017 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 52 पासून मोझिलाच्या अधिकृत आवृत्तीला लिनक्सवर आवाजासाठी पल्सऑडिओ लागतो. काही लिनक्स सिस्टीम स्वतः बांधलेल्या फायरफॉक्समध्ये अल्सा चालू ठेवतात, म्हणून शेजारच्या यंत्रावर वाजतं आणि तुमच्यावर नाही.

दोन मार्ग आहेत. एक, पल्सऑडिओ किंवा पाइपवायर टाकून घ्या. जुन्या यंत्रालाही हा भार फार नाही, आणि 1 जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर मी हाच मार्ग सांगेन. दोन, एपल्स (ए पी यू एल एस ई) नावाचं छोटं साधन. ते फायरफॉक्सला पल्सऑडिओ असल्याचं भासवतं आणि आवाज थेट अल्साकडे देतं. एपल्स, स्पेस, फायरफॉक्स अशी कमांड द्यायची. फारच जुन्या यंत्राला हे बरं पडतं. क्रोमियम मात्र थेट अल्सावरही वाजतो, तेव्हा घाईत असाल तर तो वापरा.

“डमी आउटपुट” असं दिसतं. म्हणजे काय?

मधल्या टप्प्याला वापरता येईल असं एकही कार्ड मिळालं नाही, म्हणून त्याने एक खोटं आउटपुट उभं केलं आहे. आधी एप्लेची यादी बघा.

यादीत कार्ड आहे आणि तरी डमी दिसतं, तर मधला टप्पा अडकला आहे. सोपं काम: लॉग आउट करून परत लॉग इन. पल्सऑडिओ असेल तर पल्सऑडिओ, स्पेस, डॅश, के ही कमांड त्याला थांबवते आणि तो स्वतःच पुन्हा सुरू होतो. अँटिएक्समध्ये सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) नाही, त्यामुळे इंटरनेटवर सापडणाऱ्या “सिस्टमसीटीएल”च्या कमांड तिथे चालत नाहीत. त्या चालत नाहीत म्हणून घाबरू नका, यंत्र पुन्हा चालू करा.

यादीतच कार्ड नाही आणि लॅपटॉप तुलनेने नवा आहे, तर फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं छोटं सॉफ्टवेअर) नाही. गेल्या काही वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपांत आवाजासाठी वेगळा प्रोसेसर असतो आणि त्याला “सॉफ” नावाचं फर्मवेअर लागतं. अ‍ॅटम प्रोसेसरच्या छोट्या स्वस्त लॅपटॉपांनाही असंच वेगळं फर्मवेअर लागतं. सिनॅप्टिक (पॅकेज टाकायचा प्रोग्राम) उघडून “फर्मवेअर” आणि “सॉफ” असं शोधा, सापडलेलं पॅकेज टाका आणि यंत्र पुन्हा चालू करा. डेबियनवर असाल तर लक्षात ठेवा, जून 2023 च्या डेबियन 12 पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधीच्या आवृत्तीत “नॉन-फ्री” विभाग हाताने चालू करावा लागायचा.

पल्सऑडिओ ठेवू की पाइपवायर?

सिस्टीमबरोबर जे आलं असेल ते. उबुंटूने ऑक्टोबर 2022 च्या 22.10 पासून पाइपवायर घेतलं आहे, फेडोराने एप्रिल 2021 पासून. जुन्या आवृत्तीवर पल्सऑडिओ असेल आणि ते नीट चालत असेल तर बदलायची गरज नाही. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका, कार्डासाठी दोघांची झटापट होते आणि आवाज कधी येतो, कधी जातो.

दोन मिनिटं शांत राहिलं की स्पीकरमधून “टक्” असा आवाज येतो, आणि पुढच्या गाण्याची सुरुवात कापली जाते.

वीज वाचवायला कार्ड झोपतं आणि आवाज आला की उठतं. ऐकून स्वर लावणाऱ्या माणसाला पहिला षड्जच कापलेला मिळाला तर कसं चालेल? म्हणून डेस्कटॉपवर ही झोप सरळ बंद करा. ईटीसी फोल्डरातल्या “मॉडप्रोब डॉट डी” या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फ शेवट असलेली एक नवी फाइल करा (हे सुडोने करावं लागेल) आणि तिच्यात एक ओळ लिहा: ऑप्शन्स, स्पेस, एसएनडी, अंडरस्कोर, एचडीए, अंडरस्कोर, इंटेल, स्पेस, पॉवर, अंडरस्कोर, सेव्ह, बरोबरचं चिन्ह, 0. यंत्र पुन्हा चालू करा. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर थोडी बॅटरी जास्त खर्च होईल.

आवाज फार हळू आहे. शंभराच्या वर नेऊ का?

पावूकंट्रोलमध्ये 153 टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण शंभरापुढे आवाज फाटतो आणि तार सप्तकात तर लगेच कळतं. आधी अल्सामिक्सरमधले सगळे खांब वर आहेत का ते बघा.

ब्लूटूथ स्पीकर जोडला गेला, पण आवाज टेलिफोनसारखा येतो.

तो फोनवर बोलण्याच्या प्रोफाइलवर जोडला गेला आहे. पावूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये “ए2डीपी” हे गाणी ऐकण्याचं प्रोफाइल निवडा. जोडणीच होत नसेल तर पल्सऑडिओ किंवा पाइपवायरचं ब्लूटूथचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं; हलक्या सिस्टीममध्ये ते नेहमी नसतं.

ऑनलाइन तालमीत गुरुजींना माझा आवाज जात नाही.

अल्सामिक्सरमध्ये एफ4 दाबा, आत येणाऱ्या आवाजाचे खांब दिसतील. “कॅप्चर”वर जाऊन स्पेस दाबा, खाली लाल अक्षरांत कॅप्चर उमटेल. खांब सत्तरच्या आसपास ठेवा. “माइक बूस्ट” आधी शून्यावर ठेवा आणि गरज लागली तरच एक पायरी वर न्या. जास्त नेलं की पंख्याची घरघरही गाण्याबरोबर जाते.

आवाज जातो पण गुरुजी म्हणतात, “तुझा तानपुरा मध्येच गायब होतो,” तर लिनक्सचा दोष नाही. कॉलचे प्रोग्राम एकसारखा चालणारा सूर गोंगाट समजून गाळतात. झूममध्ये “ओरिजिनल साउंड” चालू करा, इतर प्रोग्रामांत गोंगाट कमी करायचा पर्याय बंद करा. तालमीच्या आधी हे करून ठेवा, तालीम सुरू झाल्यावर शोधत बसायला नको.

सगळं करून झालं, तरी आवाज नाही. यंत्रच गेलं का?

हे ठरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवरून दुसरं एखादं लिनक्स लाइव्ह चालवणं. हार्ड डिस्कवर काही न टाकता. तिथे आवाज आला तर कार्ड चांगलं आहे, दोष तुमच्या सिस्टीमच्या सेटिंगमध्ये आहे. विंडोजही असलेल्या यंत्रावर विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात तर कार्ड कधी अर्धवट स्थितीत राहतं. पूर्ण बंद करून, मिनिटभर थांबून चालू करा आणि मगच चाचणी घ्या.

लाइव्हमध्येही आवाज नाही, जॅक साफ आहे, बायोस ठीक आहे, तर मदरबोर्डवरची आवाजाची चिप किंवा तिचा जॅक गेला असणार. त्यासाठी मदरबोर्ड बदलू नका. यूएसबी साउंड कार्ड नावाचा अंगठ्याएवढा तुकडा बाजारात स्वस्तात मिळतो. यूएसबी ऑडिओचं ठरलेलं मानक पाळणाऱ्या अशा कार्डाला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लावलं की एप्लेच्या यादीत नवं कार्ड दिसतं. वर एचडीएमआयच्या उत्तरात सांगितलं तसं ते मुख्य कार्ड म्हणून निवडा.

मदत मागताना काय काय सांगू?

यंत्राचं मॉडेल, सिस्टीमचं नाव आणि आवृत्ती, एप्लेची पूर्ण यादी आणि आयएनएक्सआय, स्पेस, डॅश, मोठ्या लिपीतला ए या कमांडचं उत्तर. शेवटच्या कमांडमध्ये कार्ड, ड्रायव्हर आणि मधला टप्पा पल्सऑडिओ आहे की पाइपवायर, हे सगळं एकदम कळतं. मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून पाठवला तरी चालेल, फक्त अक्षरं वाचता यायला हवीत. आणि शेवटचा आवाज कधी आला होता, त्यानंतर काय बदललं, हे जरूर लिहा: नवा मॉनिटर, अपडेट, लाइट जाणं, घर झाडताना संगणक हलवणं.